भिजलेले रनिंगचे बूट सकाळपर्यंत वाळवायचे असतील तर

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी ऐन पावसाळ्यात सुरू होते, आणि रविवारच्या लाँग रनला चिंब झालेले बूट मंगळवारीही ओलेच असतात. यावर रद्दीसारखा उपाय नाही.

१. घरी आल्या आल्या, आंघोळीच्याही आधी, लेस पूर्ण सैल करा आणि आतला सोल काढून वेगळा वाळत घाला. खरं पाणी त्याच्याखालीच साठतं.
२. वर्तमानपत्राचे बोळे करून पार बोटांच्या टोकापर्यंत कोंबा. गुळगुळीत रंगीत पुरवण्या नकोत, त्या पाणी नीट शोषत नाहीत.
३. तासाभराने बोळे बदला. पहिले बाहेर काढताना हाताला लगदाच लागतो, इतके ते भिजलेले असतात. कंटाळा करून हे टाळू नका, बरंचसं पाणी इथेच निघतं.
४. रात्री कोरडे बोळे भरून बूट पंख्याखाली ठेवा.

सकाळी पुढचा भाग आत हात घालून चाचपा. ओलसर लागला तर त्या दिवशी दुसरा जोड घाला, नाहीतर फोड ठरलेले.

गॅसजवळ, हेअर ड्रायरने किंवा कडक उन्हात मात्र वाळवू नका. उष्णतेने तळव्याचा गोंद सुटतो.