सराव पाठात फॉरवर्ड घेण्याआधी तो कसा तपासावा

टाचणातली (पाठाच्या लेखी आखणीतली) प्रस्तावना जमत नाही, रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात, सकाळी पाठ असतो. मग व्हॉट्सॲपवर आलेलं एखादं चित्र प्रस्तावनेत जाऊन बसतं. पाठ निरीक्षणाला मागच्या बाकावर बसलं की हे लगेच ओळखू येतं. भूगोलाच्या एका तासाला एका छात्राध्यापिकेने 'नासाने टिपलेला दिवाळीच्या रात्रीचा भारत' दाखवला. पांढरे, निळे, हिरवे, लाल ठिपके. वर्ग एकदम खूश! पण ते चित्र दिवाळीचं नव्हतंच. बी.एड.ला पीपीटी करायला शिकवतात, पण असं आलेलं चित्र तपासायला फारसं कुणी शिकवत नाही. म्हणून हेच चित्र घेऊन पाहू.

१. आधी आपल्याच विषयाच्या नजरेने बघा. नकाशाला शीर्षक, दिशा, प्रमाण, सूची हवी, हे आपण पोरांकडून घोकून घेतो. या चित्रात चार रंग आहेत आणि सूची नाही. इथेच थांबायला हवं होतं.

२. चित्र गूगल लेन्समध्ये टाका. पहिल्याच निकालावर समाधान मानू नका, सर्वांत जुनं कुठे सापडतं ते बघा. तेच चित्र दरवर्षी दिवाळीला 'यंदाचं' म्हणून फिरताना दिसलं, तर वेगळा पुरावा कशाला हवा?

३. आता आडवं वाचा. म्हणजे त्याच पानावर खालपर्यंत वाचत न बसता दुसरा टॅब उघडून इतर लोक त्याबद्दल काय म्हणतात ते बघा. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये इतिहासाचे अभ्यासक, विद्यार्थी आणि तथ्य तपासणारे यांना संकेतस्थळं पारखायला दिली. तथ्य तपासणारे सरस ठरले, कारण ते पानावर रेंगाळलेच नाहीत. गुळगुळीत लोगो आणि नीटनेटकी मांडणी पाहून फसले ते बाकीचे. त्यात पीएच.डी. झालेलेही होते, तेव्हा आपण लाजायचं कारण नाही.

४. मूळ जागी पोहोचा. नासाच्या अर्थ ऑब्झर्व्हेटरी या उपग्रह चित्रांच्या संकेतस्थळाने २०१२ सालीच खुलासा केला आहे. अनेक वर्षांच्या उपग्रह नोंदी एकावर एक ठेवून ते चित्र बनवलं आहे. पांढरे दिवे १९९२ पूर्वीचे, निळे १९९२ मध्ये दिसू लागलेले, हिरवे १९९८ मध्ये आणि लाल २००३ मध्ये. दिवाळीचा जादा उजेड अवकाशातून जाणवण्याइतका नसतोच.

५. टाचणाच्या 'शैक्षणिक साहित्य' रकान्यात चित्र कुठून घेतलं आणि ते कोणत्या सालचं आहे, ते लिहा. नुसतं 'गूगल' लिहिलंत तर मी लाल शाईने गोल करतो.

एआयकडून टाचण लिहून घेत असाल तर आणखी सावध राहा. ते कवीने कधीच न लिहिलेल्या ओळीही त्याच्या नावावर बेधडक खपवतं. कविता बालभारतीच्या पीडीएफशी ओळीन् ओळ ताडून बघा. आणि टाचण युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरांतच टाइप करा, नाहीतर कॉलेजच्या संगणकावर नुसती चित्रलिपी उघडते.

त्या मुलीने तोच पाठ पुन्हा घेतला. या वेळी चित्र तेच, पण शेजारी फळ्यावर चार रंगांची सूची काढलेली, आणि विषय शहरांची वाढ. मागून एक पोरगा ओरडला, "मॅडम, आपलं गाव कोणत्या रंगात?"