स्केच काढताना अक्षांची दिशा कशी सांभाळावी

डिप्लोमाला ड्रॉइंग शिकलेला विद्यार्थी पहिल्यांदा फ्रीकॅड हे थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर उघडतो तेव्हा हमखास एक चूक करतो. वहीत फ्रंट व्ह्यू आधी काढायची सवय असते. कागद म्हणजे एक्स-वाय, हे डोक्यात पक्कं असतं. म्हणून तो एक्स-वाय प्रतल निवडतो, ब्रॅकेटचा फ्रंट व्ह्यू सुरेख काढतो, पॅड करतो (म्हणजे सपाट स्केचला जाडी देतो), आणि ब्रॅकेट उताणा पडलेला दिसतो. मग तो मॉडेल फिरवत बसतो. पण फिरवून प्रश्न सुटत नाही, कारण चूक स्केचमध्ये नसून स्केच सुरू करण्याआधीच्या निवडीत झालेली असते.

पुढच्या पायऱ्या फ्रीकॅडच्या पार्ट डिझाइन या विभागासाठी लिहिल्या आहेत. दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तर काय बदलतं ते शेवटाकडे येईल.

१. आधी काडेपेटी हातात घ्या

काडेपेटी टेबलावर आडवी ठेवा. तिच्यावर पेनने तीन बाण काढा: उजवीकडे जाणारा एक्स, तुमच्यापासून दूर जाणारा वाय आणि वर जाणारा झेड. हेच फ्रीकॅडचं जग. झेड कायम वर. पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या अक्षचिन्हात एक्स लाल, वाय हिरवा आणि झेड निळा असतो. बाण बरोबर आहेत का, हे उजव्या हाताने तपासा. अंगठा एक्सकडे, तर्जनी वायकडे धरली की मधलं बोट झेडकडे गेलं पाहिजे. डावा हात वापरलात तर उलटं उत्तर येतं, आणि गडबडीत ते लक्षातही येत नाही.

ही काडेपेटी कीबोर्डशेजारीच राहू द्या. पहिले काही आठवडे तिचा फार उपयोग होतो.

२. वस्तू कशी बसणार ते ठरवा

वस्तूची कोणती बाजू टेबलावर टेकणार आणि कोणती बाजू समोर येणार, या दोन प्रश्नांची उत्तरं स्केचच्या आधी कागदावर लिहा. उदाहरणादाखल एक एल ब्रॅकेट घेऊ: तळपट्टी ८० × ५० × ८ मिमी, मागच्या कडेला ६० मिमी उंचीची उभी पट्टी. ८० ही लांबी एक्सवर, ५० ही खोली वायवर, ६० ही उंची झेडवर. एवढं लिहिलं की अर्धं काम झालं.

३. प्रतल निवडा

आपल्याकडे फर्स्ट अँगल प्रोजेक्शन शिकवतात. त्यात कागदावरच्या आडव्या रेषेला एक्स-वाय रेषा म्हणतात: वर एलिव्हेशन (समोरून दिसणारा आकार), खाली प्लॅन (वरून दिसणारा). कॅडमधलं एक्स-वाय प्रतल म्हणजे ही रेषा नव्हे. नाव एकच असल्यामुळे खूप जण इथे फसतात. वहीतली ती रेषा म्हणजे एचपी (आडवं प्रतल) आणि व्हीपी (समोरचं उभं प्रतल) जिथे मिळतात ती कड, म्हणजे कॅडमधल्या एक्स अक्षासारखी. एचपी म्हणजे कॅडचं एक्स-वाय प्रतल, व्हीपी म्हणजे एक्स-झेड आणि प्रोफाइल प्लेन (बाजूचं उभं प्रतल) म्हणजे वाय-झेड. एवढी जुळणी पाठ करा.

प्लॅन काढायचा असेल तर एक्स-वाय निवडा. स्केचमध्ये उजवीकडे एक्स, वर वाय, आणि पॅड झेडच्या दिशेने वर वाढतो. साइड व्ह्यू काढायचा असेल तर वाय-झेड निवडा. उजवीकडे वाय, वर झेड, आणि पॅड अधिक एक्सकडे जातो.

फ्रंट व्ह्यूसाठी एक्स-झेड, आणि खरी मेख इथे आहे. उजवीकडे एक्स, वर झेड, पण पॅड अधिक वायकडे न जाता उणे वायकडे, म्हणजे तुमच्या अंगावर येतो. फ्रीकॅडची ही चूक नाही. उजव्या हाताने अंगठा एक्सकडे आणि तर्जनी झेडकडे धरून पाहा, मधलं बोट तुमच्याकडेच वळेल. ब्रॅकेट मागे वाढायला हवा असेल तर पॅडच्या खिडकीत दिशा उलटवण्याची खूण करा, किंवा प्रतलाच्या दोन्ही बाजूंना सारखा वाढू द्या. मला दुसरा मार्ग जास्त आवडतो, कारण मग मधलं प्रतल त्या पॅडच्या सममितीचं प्रतल होतं आणि पुढची भोकं मापायला सोपी जातात.

४. स्केचचे अक्ष वेगळे, जगाचे वेगळे

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. स्केचमध्ये शिरलात की तुम्ही त्या कागदाच्या घरात असता. तिथली आडवी रेषा स्केचचा एक्स आणि उभी रेषा स्केचचा वाय, मग बाहेरच्या जगात ती उभी रेषा झेड का असेना.

अटॅचमेंट ऑफसेट, म्हणजे स्केच मूळ प्रतलापासून किती सरकवायचं ते अंतर, भरताना याचा फटका बसतो. एक्स-झेड प्रतलावरचं स्केच २० मिमी वर उचलायचं म्हणून बरेच जण ऑफसेटच्या झेडमध्ये २० लिहितात. स्केच वर न जाता २० मिमी पुढे सरकतं, कारण तो झेड स्केचचा स्वतःचा, कागदाला लंब असलेला झेड आहे. वर उचलायचं असेल तर ऑफसेटच्या वायमध्ये २० लिहा. काडेपेटीवर कागदाचा तुकडा चिकटवून त्यावर वेगळ्या रंगाने स्केचचे अक्ष काढले की हे एकदाच आणि कायमचं समजतं.

५. स्केचमध्ये खूण ठेवा

सममित आकृती दिशा सांगत नाही. चौकोनाला उजवं-डावं नसतं. म्हणून प्रत्येक स्केचमध्ये अधिक एक्स आणि अधिक वायच्या कोपऱ्यात कन्स्ट्रक्शन रेषेचा छोटा काटकोन काढून ठेवा. पॅडमध्ये तो येत नाही, पण स्केच पुन्हा उघडलं की दिशा लगेच कळते.

ही सवय मला एका तोट्यातून लागली. मॉडेल खालून दिसत असताना मी तळाच्या बाजूवर स्केच काढलं, आणि खाच उजव्या कोपऱ्याऐवजी डाव्या कोपऱ्यात गेली. खालून पाहताना एक्स उजवीकडे ठेवला तर वाय खाली जातो, हे मी विसरलो होतो. पार्ट कापून आला तो आरशातल्यासारखा उलटा. डाव्या पायाची चप्पल कितीही फिरवली तरी उजव्या पायात बसत नाही. तसाच तो जोडणीत बसेना.

म्हणून शक्य तिथे वस्तूच्या बाजूवर स्केच काढू नका. मूळ प्रतल घ्या आणि ऑफसेट द्या. बाजूवर काढायचंच असेल तर आधी मूळचा एक्स कुठे गेला ते कोपऱ्यातल्या अक्षचिन्हात पाहा.

६. हरवलात तर

स्केच बंद करा. ० दाबलं की आयसोमेट्रिक, १ फ्रंट, २ टॉप, ३ उजवी बाजू. ४, ५, ६ ला अनुक्रमे मागची, खालची आणि डावी. स्केच चालू असताना कागदासमोर सरळ यायचं असेल तर व्ह्यू स्केच ही कमांड वापरा. प्रत्येक पॅडनंतर ० आणि १ दाबायची सवय लावा. चूक तिथल्या तिथे सापडते.

७. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जाताना

सॉलिडवर्क्समध्ये वाय वर असतो आणि फ्रंट प्लेन हेच एक्स-वाय असतं. वहीची सवय तिथे जुळते, पण टॉप प्लेनच्या स्केचमध्ये पडद्यावर वर जाणारी दिशा उणे झेड असते. फ्यूजनमध्ये वाय वर की झेड वर, हे प्रेफरन्समध्ये ठरवता येतं; फाइल दुसऱ्याला देण्याआधी त्याची निवड विचारा. ऑटोकॅडमध्ये गोंधळ झाला तर यूसीएस (अक्षांची मांडणी ठरवणारी) कमांड देऊन वर्ल्ड निवडा, मग प्लॅन ही कमांड द्या.

थ्रीडी प्रिंटिंगसाठी वापरतात त्या एसटीएल फाइलमध्ये वर कोण याची नोंदच नसते, मिमी की इंच हेही नसतं. थ्रीडी प्रिंटरचे स्लायसर (मॉडेलचे थर पाडणारी सॉफ्टवेअर) झेडला वर धरतात, त्यामुळे वाय वर असलेल्या मॉडेलमधून आलेली वस्तू तिथे आडवी पडते. वर्कशॉपमध्ये आणखी एक वळण आहे. यंत्रांवर झेड स्पिंडलच्या रेषेत धरतात. व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या मिलिंग यंत्रावर) तो उभा, पण लेथवर आडवा, आणि एक्स टूल आत-बाहेर नेतो. शाफ्ट टर्निंगला पाठवायचा असेल तर त्याचा मध्य झेड अक्षावर ठेवून एक्स-झेड प्रतलावर अर्धी आकृती काढा आणि झेडभोवती फिरवा. ऑपरेटरला देताना ड्रॉइंगवर शून्य कोणत्या टोकाला आहे तेही लिहा.