काल्पनिक रणगाडा डिझाइन करताय? मग या चुका टाळा

कोणी गोष्टीसाठी रणगाडा काढतो, कोणी गेमसाठी, कोणी उगाच हौस म्हणून, आणि हौसेला माझी काही हरकत नाही, पण चुका बघाव्यात तर सगळ्यांच्या त्याच. थ्रीडी सॉफ्टवेअर उघडायच्या आधी दहा मिनिटं कागद-पेन घेऊन बसायला काय होतं कोणास ठाऊक.

सगळ्यांची लाडकी चूक म्हणजे "चारी बाजूंनी १०० मिमी चिलखत". अरे पण वजन काढलंस का? पोलाद घनमीटरला साधारण ७,८५० किलो, म्हणजे १०० मिमी जाडीची एक चौरस मीटर प्लेट झाली ७८५ किलोची. आता ७ मीटर लांब, साडेतीन रुंद आणि २ मीटर उंच असा नुसता बंद डबा घ्या, सहा बाजू मिळून ९१ चौरस मीटर, म्हणजे झाले ७१ टन, आणि यात अजून इंजिन, तोफ, टरेट (तोफेचा फिरता बुरूज) काहीच आलेलं नाही. खरा रशियन रणगाडा टी-९० सगळं धरून ४६ टनांच्या आसपास बसतो कारण जाडी पुढे असते, बाजूला कमी, छताला आणि तळाला त्याहून कमी, आणि गाडी मुळातच बुटकी. जर्मनांनी हट्टाने १८८ टनांचा माउस रणगाडा केला, दोनच प्रोटोटाइप झाले. पूल पेलणार नाही म्हणून तो नदीच्या तळातून जाणार आणि तेवढा वेळ काठावरचा दुसरा माउस त्याला केबलने वीज देणार असा प्लॅन होता! गोष्टीत कोणी असं लिहिलं असतं तर फेकतोय म्हणालो असतो.

दुसरी चूक, जिने मला खरंच वैताग आणलाय: आत माणसं बसतात हेच विसरणं. एका पोराने १४० मिमी तोफेचा एकदम चपटा टरेट दाखवला, दिसायला झकास. मी म्हटलं, मधून कापून दाखव. तर म्हणे, "दादा, आत कोण बघतंय?" शेवटी मागे लागून कापायला लावला. नळी दहा अंश खाली केली की ब्रीच, म्हणजे तोफेचं मागचं टोक, छत फोडून बाहेर, आणि तोफ उडाली की रिकॉइल (मागे येणारा धक्का) थेट कमांडरच्या छातीत. तोफ भरणाऱ्या लोडरला तर जागाच नव्हती, आणि १२० मिमीचा राउंडसुद्धा (तोफगोळा) जवळपास मीटरभर लांब असतो, तो उचलून वळवायचा कुठे? यावर साहेबांचं उत्तर, "मग ऑटोलोडर (तोफ आपोआप भरणारं यंत्र) टाकतो." हा शॉर्टकट ऐकला की माझं डोकं फिरतं. ऑटोलोडर काय हवेत बसतो का? टी-७२ रणगाड्यात २२ राउंड फिरत्या चकतीत, क्रूच्या पायाखाली असतात. आणि तो बुटका टरेटही फुकट मिळालेला नाही, नळी साधारण सहा अंशच खाली जाते, त्यामुळे टेकाडाआड लपून नुसता टरेट वर काढून मारा करणं अवघड.

माझी सवय सांगतो, १:३५ च्या मॉडेल किटमधले उरलेले बसलेले सैनिक आधी टेबलावर मांडायचे, मागे ब्रीच आणि रिकॉइलची जागा सोडायची, आणि मग त्यांच्याभोवती पत्रा काढायचा. पोरांना हे स्लो वाटतं. वाटू दे.

पाच टरेट नकोत. रशियाच्या टी-३५ ला होते, १९४१ मध्ये त्यातले बहुतेक लढाईपेक्षा बिघाडानेच गेले.

दोन पायांचा यंत्रमानव हवाच असेल तर पावलाचं क्षेत्रफळ मोजा. ६० टन वजन, पाऊल २ चौरस मीटर, चालताना एकच पाय जमिनीवर, म्हणजे चौरस सेंटीमीटरला ३ किलो, पट्ट्यांच्या टँकचा दाब साधारण एक किलोच्या आत-बाहेर असतो. आणि तोही रुततो बरं का: १९६५ च्या युद्धात पंजाबातल्या असल उत्तरला आपल्या लोकांनी पाणी सोडलेल्या शेतांत पाकिस्तानचे पॅटन रणगाडे अडकले होते, हे पॅटन साधारण ४५ टनांचे. तुमचा तीनशे टनी राक्षस पावसाळ्यात कुठे फिरवणार आहात?

लांबुळका टँक वळत नाही, जमिनीला टेकलेल्या पट्ट्याची लांबी दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या दुपटीजवळ गेली की विसरा.

आणि रुंदी ठरवताना रेल्वे बघा. दुसऱ्या महायुद्धातला जर्मन टायगर रणगाडा रेल्वेने न्यायचा तर रुंद पट्टे आणि बाहेरची चाकं काढून अरुंद पट्टे चढवायला लागायचे, उतरल्यावर परत सगळं उलटं. साडेपाच मीटर रुंद गाड्या काढणाऱ्यांनी हे काम कोण करणार तेही डिझाइनसोबत लिहून द्यावं.