फर्स्ट पर्सन स्पीडरन गेमची गोडी कशी लावून घ्यावी

नायकाच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या जगात धावत, उड्या मारत, भिंतींचा आधार घेत शेवट गाठायचा आणि तोही कमीत कमी वेळात, असे या गेमचे स्वरूप असते. ‘मिरर्स एज’ (2008), ‘घोस्टरनर’ (2020) आणि ‘निऑन व्हाइट’ (2022) ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. नवा खेळाडू मात्र पुष्कळदा सुरुवातीलाच कंटाळतो, कारण त्याला स्वतःचे पाय नीट दिसत नाहीत, उडीचा अंदाज चुकतो आणि पडद्यावरचा टायमर त्याला उगीच घाई करायला लावतो. माझ्या मते यात दोष खेळाडूच्या कौशल्याचा नसून खेळण्याच्या पद्धतीचा असतो. लेव्हल एकदा पूर्ण केली की इतर गेममध्ये तिचे काम संपते, इथे मात्र खरा खेळ त्यानंतर सुरू होतो.

आधी सेटिंग्ज पाहाव्यात. फील्ड ऑफ व्ह्यू (पडद्यावर एका वेळी किती रुंद दृश्य दिसते ते) थोडे वाढवले की बाजूच्या कडा आणि भिंती दिसू लागतात व वेगाची जाणीवही वाढते. मोशन ब्लर (वेगात दृश्य धूसर करणारा परिणाम) आणि चालताना कॅमेरा हलण्याची सोय बंद करावी. या गेममध्ये ज्यांना मळमळते त्यांनी पडद्याच्या मध्यभागी ठिपका ठेवावा, कारण डोळ्यांना एक स्थिर बिंदू मिळाला की त्रास कमी होतो. ‘मिरर्स एज’मध्ये असा ठिपका याच हेतूने दिलेला आहे. माउसची सेन्सिटिव्हिटी एकदा ठरवली की ती बदलत राहू नये, कारण हाताला लागलेले वळण प्रत्येक बदलानंतर पुन्हा बसवावे लागते.

पहिल्या फेरीत टायमरकडे पाहूच नये. शत्रू कुठे आहेत, कोणत्या कडेवरून पलीकडचा प्लॅटफॉर्म दिसतो आणि कुठे नाइलाजाने थांबावे लागते, एवढेच टिपावे. त्यानंतर शेवटचे टोक डोळ्यांसमोर ठेवून मार्गाचा उलटा विचार करावा, म्हणजे मधले कोणते वळण केवळ सवयीने घेतले जात होते ते लक्षात येते. ‘निऑन व्हाइट’ हे शिकण्यासाठी उत्तम आहे. तिथे प्रत्येक कार्ड म्हणजे एक शस्त्र असते, पण तेच कार्ड टाकून दिले की त्याची एक हालचाल मिळते: पिस्तुलाच्या कार्डाने हवेत दुसरी उडी, तर रायफलच्या कार्डाने समोर झेप. लेव्हल संपवण्यासाठी सर्व राक्षस मारणे आवश्यक असल्यामुळे कोणती गोळी वाचवावी आणि कोणते कार्ड कुठे खर्च करावे, हा प्रश्न नेमबाजीचा न राहता मार्गाचा होतो. एका कार्डाची जागा बदलल्याने एखादा आख्खा मनोरा ओलांडता येतो, आणि ते स्वतःला सुचते तेव्हाचा आनंद मला या संपूर्ण प्रकारातील सर्वांत मोठा वाटतो. म्हणून गेमने देऊ केलेली शॉर्टकटची सूचना लगेच उघडू नये, आधी स्वतः शोधावे.

मार्ग ठरला की गती टिकवण्याचा सराव सुरू करावा. वेळ बहुधा धावण्यात जात नाही, तर उडीनंतर अडखळण्यात, भिंतीला घासण्यात आणि वळण्यापूर्वी क्षणभर थबकण्यात जातो. त्यासाठी नजर पायाखालच्या नव्हे, पुढच्या प्लॅटफॉर्मवर ठेवावी आणि उडी संपण्यापूर्वीच माउस पुढच्या दिशेला वळवावा. हवेतील हालचालीचे महत्त्व खेळाडूंनी ‘क्वेक’ (1996) या जुन्या गेममध्ये फार पूर्वी ओळखले होते. त्या गेमची वेगमर्यादा फक्त दाबलेल्या बटणाच्या दिशेतील वेग तपासत असे. त्यामुळे हवेत असताना बाजूचे बटण दाबून त्याच दिशेला माउस वळवत नेला की एकूण वेग मर्यादेपलीकडे वाढत जाई. असे प्रत्येक गेममध्ये घडत नाही, म्हणून आपल्या गेममध्ये हवेत वेग टिकतो की घटतो, हे मोकळ्या जागेत तपासून घ्यावे.

रीस्टार्टचे बटण बोटाखाली असू द्यावे. या गेममध्ये पुन्हा सुरू होण्यास क्षणही लागत नाही, आणि ‘घोस्टरनर’मध्ये तर एकाच फटक्यात मरण येत असूनही राग येत नाही तो याच कारणाने. तरीही सुरुवात थोडी बिघडली की दर वेळी रीस्टार्ट करू नये, कारण मग पहिला भाग पाठ होतो आणि शेवटचा भाग कायम कच्चा राहतो. काही फेऱ्या ठरवून शेवटपर्यंत न्याव्यात.

तुलनेसाठी आधी स्वतःचा घोस्ट, म्हणजे आपल्या आधीच्या धावेची पडद्यावर दिसणारी छाया, वापरावा. आपलीच मागची धाव शेजारून जाताना दिसली की कोणत्या वळणावर आपण मागे पडलो ते आकड्यापेक्षा स्पष्ट कळते. लीडरबोर्डवरील (खेळाडूंच्या वेळांच्या क्रमवारीतील) सर्वोत्तम धावांचे व्हिडिओ त्यानंतर पाहावेत, आणि तेही एका वेळी एकच युक्ती उचलण्यासाठी.

संपूर्ण गेम सलग धावण्याची इच्छा झाल्यास लाइव्हस्प्लिटसारखा मोफत टायमर लावावा, कारण तो प्रत्येक टप्प्याची तुलना आपल्या सर्वोत्तम धावेशी करून दाखवतो. मात्र सलग धावेत धोकादायक शॉर्टकटपेक्षा भरवशाचा मार्ग अनेकदा अधिक उपयोगी ठरतो. ज्या युक्त्या निम्म्याहून अधिक वेळा फसतात त्या सुटी लेव्हल खेळतानाच वापराव्यात.