जुना बीबीसी मायक्रो वायफायला जोडताय? या चुका टाळा

१९८४ साली केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून शाळाशाळांत बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक आले. त्यातला एक भंगारातून फिरत फिरत नौपाड्यात माझ्याकडे आला. तो वायफायवर आणताना मी केलेल्या चुका सांगतो, तुम्ही निदान नव्या करा.

आल्या आल्या प्लग लावू नका. पॉवर सप्लायमध्ये पिवळट, पारदर्शक कवचाचे फिल्टर कपॅसिटर असतात. कवचाला तडे गेले की दमट हवा आत शिरते, आणि ठाण्याच्या जुलैतल्या हवेबद्दल काय बोलावं! दहाव्या मिनिटाला ‘फट्’ झालं आणि घरभर धूर. “तरी म्हटलं होतं, गॅलरीतच राहू दे ते,” इति आई. मशीन वाचलं. आधी एक्स-टू प्रकारचे नवे कपॅसिटर बसवा, लॅमिंग्टन रोडला मिळतात. प्लग काढल्यावरही आत चार्ज उरतो; हात बसलेला नसेल तर हे काम जाणकाराला द्या.

ईएसपी८२६६ ही वायफाय चिप (इथे तीच मोडेमचं काम करते) थेट बीबीसीच्या सिरियल पोर्टला जोडणं ही पुढची चूक. ती चिप ३.३ व्होल्टची आणि बीबीसीच्या आरएस४२३ पोर्टवर उणे ५ ते अधिक ५ व्होल्ट. मध्ये व्होल्टेज जुळवणारी मॅक्स३२३२ चिप हवीच.

माझ्या दोन रात्री मात्र खाल्ल्या त्या प्लगने. या पोर्टचा पाच पिनांचा डिन प्लग उलटाही बसतो! अगदी घट्ट, मुकाट. सरळ बाजू सापडल्यावर वहिनीच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला. तरीही टाइप केलेलं बाहेर जाईना. बीबीसी सीटीएस तारेवर ‘पाठव’ असा इशारा मिळाल्याशिवाय अक्षरही पाठवत नाही, आणि मी जोडल्या होत्या तीनच तारा. सीटीएस आणि तिची जोडीदार आरटीएस, या ताराही मोडेमपर्यंत न्या. मग बीबीसीवर ‘स्टार एफएक्स ७,७’ आणि ‘स्टार एफएक्स ८,७’ या आज्ञा (स्टार म्हणजे *) दिल्या की येणंजाणं दोन्ही ९६०० बॉडवर. मोडेमलाही तोच वेग द्या, नाहीतर पडद्यावर नुसता कचरा.

राउटरचं सोपं आहे. ईएसपीला फक्त २.४ गिगाहर्ट्झ दिसतं. दोन्ही बँडना एकच नाव असेल तर २.४ चं वेगळं गेस्ट नेटवर्क काढा, सुरक्षा डब्ल्यूपीए२. घोडबंदरच्या टॉवरांत शेजाऱ्यांच्या वायफायची दाटी असते. १, ६, ११ पैकी जरा मोकळा चॅनेल बघा.

आणि ब्राउझरचा हट्ट नको. ३२ केबी मेमरीत आजची वेबसाइट कुठली उघडायला! टेलनेट या साध्या मजकुराच्या जोडणीवरचे बुलेटिन बोर्ड, म्हणजे जुन्या धर्तीचे चर्चा-फलक, मात्र झकास चालतात. तिथे सगळं उघड्यावर जातं, म्हणून बँकेचा किंवा ईमेलचा पासवर्ड तिथे वापरू नका.