शेवग्याच्या बियांचा प्रकल्प: परीक्षक टेबलाशी येण्याआधी

पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की घरात तुरटी फिरवतात. शेवग्याच्या बियाही तेच काम करतात. विज्ञान प्रदर्शनासाठी हा विषय स्वस्त आणि चांगला, पण "बी किती टाकलं?" या प्रश्नाला "एक चमचा" असं उत्तर आलं की प्रकल्प तिथेच बसतो. परीक्षक मांडणी नंतर बघतात, आधी मोजमाप विचारतात.

म्हणून मात्रेपासून सुरुवात करा. झाडावरच वाळलेल्या शेंगांमधल्या तपकिरी बिया घ्या. हिरव्या शेंगेतल्या चालत नाहीत. पंख आणि टरफल काढून पांढरा गर कुटा. २ ग्रॅम पूड २०० मिली पाण्यात पाच मिनिटं ढवळून सुती कापडातून गाळा. या द्रावणाचा १ मिली म्हणजे १० मिलीग्रॅम बी. ते त्याच दिवशी वापरा, शिळं झालं की गुण उतरतो.

गढूळ पाणी एकाच बादलीत कालवा. चिकणमाती रात्रभर भिजवून सकाळी वरचं पाणी काढून घ्या, म्हणजे जड कण आधीच तळाशी राहतात. सारख्या बरण्यांत प्रत्येकी अर्धा लिटर भरा आणि सिरिंजने ०, २.५, ५, १० आणि २० मिली द्रावण घाला. जिथे कमी घातलं तिथे साधं पाणी घालून भर २० मिलीच करा. ही बारीक गोष्ट बहुतेक मुलं विसरतात आणि जाणकार परीक्षक नेमकी तीच विचारतो. एक मिनिट जोरात, दहा मिनिटं हळू ढवळा, मग तासभर हात लावू नका. हळू ढवळायचा कंटाळा केला तर गाळाचे गोळे धरत नाहीत.

मोजायला यंत्र लागत नाही. काचेच्या उंच मोजपात्राखाली काळी फुली काढलेला कागद ठेवा, बरणीतलं वरचं पाणी सावकाश ओता आणि फुली दिसेनाशी झाली की उंची सेंटिमीटरमध्ये लिहा. प्रत्येक मात्रेचे तीन प्रयोग, म्हणजे पंधरा बरण्या. फुली प्रत्येक वेळी एकाच मुलाने बघायची, कारण दोघांचे डोळे सारखे नसतात.

सगळ्यात जास्त मात्रेला पाणी पुन्हा गढूळ दिसलं तर तो आकडा लपवू नका. बियांतल्या प्रथिनांवर धन प्रभार असतो, मातीच्या कणांवर ऋण, म्हणून ते चिकटून खाली बसतात. प्रथिनं फार झाली की कणच धनप्रभारित होऊन एकमेकांना ढकलतात. आलेखातला हा उतार समजावून सांगता आला तर प्रकल्प इतरांपेक्षा वेगळा ठरतो.

नोंदवही पेनाने लिहिलेली, तारखांसह, खाडाखोड तशीच ठेवलेली असावी. आदल्या रात्री स्वच्छ उतरवलेली वही लगेच ओळखू येते. फलकावर प्रश्न, एक आलेख, एक तक्ता, बस्स. अक्षरं दोन मीटरवरून वाचता यावीत. थर्माकोलची विहीर आणि रंगीत झिरमिळ्यांचा वेळ आलेखाला द्या.

प्रदर्शनाच्या दिवशी तयार बरण्या एसटीतून नेऊ नका, गाळ हलून सगळं पुन्हा गढूळ होतं. कोरडी माती, पूड आणि ज्या पाण्यावर प्रयोग केले त्याच पाण्याचा पाच लिटरचा कॅन न्या. पाणी बदललं तर निकालही बदलू शकतो. निवळायला तास लागतो आणि परीक्षक तासभर थांबत नाहीत, तेव्हा तीन बरण्या वेगवेगळ्या वेळी सुरू करा: एक तासापूर्वीची, एक पंधरा मिनिटांपूर्वीची, एक त्यांच्यासमोर.

बोलणं दीड मिनिटात बसवा. दोघे असाल तर दोघांनाही सगळं आलं पाहिजे. प्रश्न गप्प उभ्या असलेल्याला येतो. "हे पाणी प्यायला चालेल?" हा प्रश्न जवळपास ठरलेलाच. उत्तर: गढूळपणा जातो, जंतू सगळे जात नाहीत, उकळावंच लागतं. शिवाय बियांचा अंश राहिल्याने पाणी दिवसभर ठेवलं तर वास मारू लागतं. ही मर्यादा विचारायच्या आधी स्वतःच सांगा.