डेडिकेटेड सर्व्हरवरून क्लाऊडवर जाताय? मग या चुका टाळा

कोल्हापुरात उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कुठंही जावा, ज्याला त्याला आता आपलं ॲप डेडिकेटेड सर्व्हरवरून (एकट्यासाठी घेतलेलं अख्खं मशीन) क्लाऊडवर (लागेल तेवढी भाड्यानं घ्यायची मशीनं) न्यायचंय. २०१९ च्या महापुरात शाहूपुरीत पाणी शिरलं तेव्हापासून तर 'सर्व्हर तळमजल्यावर नको रे बाबा' असंच झालंय. न्या की, काय विषय नाय. पण तेच तेच राडे निस्तरून कंटाळा आला म्हणून लिहितोय.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे युजरने अपलोड केलेल्या फायली सर्व्हरच्याच डिस्कवर ठेवणं. डेडिकेटेडवर हे खपून जायचं, एकच मशीन, एकच फोल्डर, वर्षानुवर्षं तिथंच. क्लाऊडवर गेलं की पोरं हौसेनं लोड बॅलन्सर (रिक्वेस्ट अनेक मशीनवर वाटणारा) लावतात, ऑटोस्केलिंग (गर्दीप्रमाणं मशीनं आपोआप वाढवणं-कमी करणं) चालू करतात आणि कोड मात्र जुनाच.

हुपरीच्या एका पैंजणवाल्या शेठचं असंच झालं. डिझाईनचे फोटो टाकायचे, परराज्यातलं गिऱ्हाईक फोटो बघून किलोवर ऑर्डर देणार, असं साधं ॲप. शिफ्टिंग केलं ते पण दिवाळीच्या तोंडावर (भर सीझनला कोण शिफ्ट करतं, पण असो). ॲप बघणाऱ्या पोराचा फोन, "दादा, फोटो कधी दिसतोय, कधी दिसंना झालाय, रिफ्रेश केलं की येतोय." त्यानं कॅशे उडवली, ब्राउझर बदलला, नेटवाल्याला शिव्या घालून झाल्या. भानगड अशी की फोटो ज्या मशीनवर चढला तिथंच राहिला आणि पुढची रिक्वेस्ट दुसऱ्या मशीनवर गेली की चारशे चार, म्हणजे फाईल सापडंना. मी म्हटलं ऑटोस्केलिंग आधी थांबव, पण तोवर रात्री ट्रॅफिक उतरलेलं, एक मशीन आपोआप टर्मिनेट झालं आणि त्याची डिस्कपण गेली, कारण एडब्ल्यूएसवर (ॲमेझॉनचा क्लाऊड) रूट डिस्क, म्हणजे मशीनची मुख्य डिस्क, मशीनबरोबर डिलीट होते, सेटिंग तसंच येतं. ऑटोस्केलिंगचं मशीन म्हणजे लॉजची खोली, चेकआऊट झालं की आत राहिलेलं सामान गेलं. शेठनी कारागिरांकडून नग परत मागवले, काळ्या मखमलीवर ठेवून पुन्हा फोटो काढले, आणि काही माल तर पार्सल होऊन गेलेला, त्याचं काय करणार!

फायली एस-थ्रीसारख्या ऑब्जेक्ट स्टोरेजवर (मशीनपासून वेगळी, फायली ठेवायची जागा) टाका, सेशन (कोण लॉगिन आहे त्याची नोंद) रेडिससारख्या वेगळ्या स्टोअरमध्ये नाहीतर डेटाबेसमध्ये ठेवा. माझी सवय अशी की लाईव्ह जायच्या आधी टेस्टला दोन मशीन लावायची, लॉगिन करून फोटो टाकायचा आणि मग एक मशीन मुद्दाम उडवायचं. फोटो दिसला, लॉगिन टिकलं, तर पुढं. 'स्टिकी सेशन (एका युजरला कायम एकाच मशीनवर पाठवायचं) लावलं की झालं की' म्हणणारे लई भेटतात, त्यांनी खुशाल लावावं, मशीन गेल्यावर मला फोन करू नये. आणि खरं सांगू का, चाळीस जणांच्या ऑफिसला ऑटोस्केलिंग लागतच नाही, एक बरं मशीन आणि रोजचा स्नॅपशॉट (डिस्कची कॉपी) बास.

दुसरी चूक घाईची. डीएनएस म्हणजे साईटच्या नावावरून आयपी सांगणारी यंत्रणा, आणि तिचं उत्तर किती सेकंद जपून ठेवायचं तो टीटीएल; तो बऱ्याचदा ८६४०० म्हणजे अख्खा दिवस असतो, तो तसाच ठेवून आयपी बदलतात, 'माझ्याकडं नवीन दिसतंय' म्हणून खुश होतात आणि तिकडं निम्मे युजर अजून जुन्या सर्व्हरवर एंट्री मारत असतात. मग दोन डेटाबेस, दोन्हीत वेगवेगळ्या ऑर्डरी, एकाच नंबरची दोन बिलं, आणि ते जुळवायला बसतो कोण? मी दोन-तीन दिवस आधीच टीटीएल ३०० वर आणतो, शिफ्टच्या वेळी जुन्या ॲपला मेंटेनन्स पेज लावतो आणि मगच शेवटचा डंप (डेटाबेसची पूर्ण कॉपी) घेतो. जुना सर्व्हर महिनाभर तरी ठेवा, भाडं गेलं तर जाऊ दे. आणि नेमसर्व्हरच (डीएनएसच्या नोंदी ठेवणारा सर्व्हर) बदलणार असाल तर एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठं पोचवायची ती नोंद) आधी उतरवून घ्या, नाहीतर वेबसाईट चालू आणि मेल बंद.

बाकीच्या पटापट सांगतो.

क्लाऊडचं मशीन बहुतेक यूटीसी वेळेवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं) येतं, म्हणजे रात्री २ ला लावलेला बॅकअप सकाळी साडेसातला चालणार आणि रात्री बारा ते साडेपाचच्या एंट्रीवर आदल्या दिवशीची तारीख पडणार. क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) आधी तपासा.

'कनेक्ट होईना' म्हणून ३३०६ पोर्ट (मायएसक्यूएल डेटाबेसचा) सगळ्या जगाला उघडा करायचा नाही. 'तात्पुरता' उघडलेला पोर्ट वर्षभर तसाच असतो, बघितलंय.

पोर्ट २५ वरून मेल जाईना म्हणून कोडमध्ये शोधत बसू नका, एडब्ल्यूएसवर तो बाहेर जायला बंदच असतो. मेल सर्व्हिस वापरा.

एडब्ल्यूएसचं मुंबई रीजन (तिथली डेटा सेंटरं) २०१६ पासून आहे, तरी ॲप अमेरिकेतल्या व्हर्जिनियात आणि युजर इचलकरंजीत. मग स्लो आहे म्हणून बोंब.

ॲक्सेस की (क्लाऊड अकाऊंटची किल्ली) गिटहबवर (कोड ठेवायची साईट) टाकणाऱ्याला काय बोलायचं!

आणि बजेट अलर्ट अकाऊंट उघडल्या दिवशीच लावा. मशीन स्टॉप केलं म्हणजे बिल थांबलं असं नाही, डिस्क आणि घेऊन ठेवलेला आयपी, दोन्हीचं मीटर चालूच असतं.